उपचारोत्तर निवास : नवी मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार पूर्ण होत आले म्हणजे रुग्णास औषधांची यादी, पाठपुराव्याची तारीख आणि समूहसभेचा वार या तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्या दिवशी रात्री त्याने निजावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही; त्याचे उत्तर 'घरी' असे गृहीत धरलेले असते. नवी मुंबईसारख्या नगरात हे गृहीत पुष्कळदा खोटे ठरते. तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारा साताऱ्याकडील कामगार घ्यावा. त्याचे कुटुंब गावी असते आणि तो कोपरखैरण्याच्या गावठाणातील एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहत असतो. दिवसभराचे काम उरकल्यावर त्या खोलीत बाटली उघडली जाते, आणि ज्यांनी पूर्वी त्याला ग्लास दिला तेच आजही त्याच्या शेजारी निजतात. महिनाभराच्या उपचारांनी त्याच्या शरीरातून मद्य गेलेले असते, पण खोली आहे तशीच असते. अशा व्यक्तीने कोठे राहावे, तशी जागा कशी असावी आणि ती मिळविण्याच्या मार्गात कोणत्या अडचणी आहेत, यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. उपचारानंतरचे पहिले तीन महिने

व्यसनाकडे परत वळणे हे प्रामुख्याने उपचारानंतरच्या अगदी आरंभीच्या काळात घडते, ही गोष्ट संशोधनाने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिली आहे. हंट, बार्नेट आणि ब्रँच यांनी १९७१ मध्ये हेरॉइन, तंबाखू आणि मद्य या तिन्ही व्यसनांचे आलेख एकत्र मांडले. पदार्थ भिन्न असूनही तिन्ही वक्ररेषा जवळजवळ सारख्याच निघाल्या. ज्यांचे व्यसन पुन्हा सुरू झाले त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींच्या बाबतीत ते पहिल्या तीन महिन्यांतच सुरू झाले होते. पुढे मार्लाट आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घसरणीच्या निमित्तांचे वर्गीकरण केले. खिन्नता, संताप, एकाकीपणा यांसारख्या मनोवस्था, जवळच्या माणसांशी होणारे कलह, आणि सोबत्यांचा आग्रह ही तीन निमित्ते त्यांत अग्रभागी होती. यांतील शेवटची दोन निमित्ते राहत्या जागेशी उघडच निगडित आहेत, आणि पहिल्याचाही जागेशी संबंध नाही असे म्हणवत नाही.

स्थळाचे महत्त्व दाखविणारे दुसरे उदाहरण लढाईच्या इतिहासातील आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर त्यांचे काय होईल, याची त्या सरकारला मोठी चिंता वाटत होती. ली रॉबिन्स यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. या निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. ते सैनिक तरुण होते, आणि ज्या परिस्थितीने त्यांना व्यसनाकडे नेले ती हजारो मैल मागे राहिली होती. कोपरखैरण्याच्या त्या खोलीत परतणाऱ्या कामगाराची स्थिती याच्या नेमकी उलट असते. उपचार दूरच्या केंद्रात झाले, आणि जगणे मात्र जेथे व्यसन जडले तेथेच पुन्हा सुरू झाले.

गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत या काळास आणखी एक गंभीर बाजू आहे. काही आठवडे पदार्थ न घेतल्यामुळे शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरू शकते. तात्पर्य, निवाऱ्याचा प्रश्न केवळ सोयीचा नसून काही रुग्णांच्या बाबतीत तो जीवितरक्षणाचा असतो.

उपचारांची दुर्मिळताही येथे ध्यानात घेतली पाहिजे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत. त्यांपैकी अडतिसांतून एकासच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळणारा तर एकशेऐंशींतून एक. इतक्या कष्टाने लाभलेला उपचार केवळ निजावयास योग्य जागा नाही म्हणून वाया जावा, ही हानी लहान नव्हे.

२. व्यसनमुक्त-निवास म्हणजे काय

इंग्रजी भाषेत ज्यास 'सोबर लिव्हिंग होम' म्हणतात, त्यास मराठीत 'व्यसनमुक्त-निवास' म्हणावयास हरकत नाही. रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र आणि असा निवास यांत घोटाळा होण्याचा संभव असल्याने तिहींतील भेद आधी स्पष्ट करणे अगत्याचे आहे. रुग्णालयात शरीरातील विषाचा निचरा होतो. मद्य एकाएकी थांबविल्याने उद्भवणारे झटके व वातभ्रम यांवर वैद्यकीय देखरेखीतच इलाज झाला पाहिजे. तो कोणत्याही निवासात होऊ शकत नाही. केंद्रात समुपदेशन, दिनचर्या व समूहचर्चा यांच्या द्वारे वृत्तिपालट घडविण्याचा प्रयत्न होतो. निवासात मात्र उपचार असा नसतोच. तेथे माणूस सकाळी कामास जातो, संध्याकाळी परततो, भाड्यातील आपला वाटा देतो, भांडी घासतो, आणि व्यसन न करणाऱ्या सोबत्यांच्या सहवासात रात्र काढतो. औषधाचे काम तेथे सहवास करतो.

या कल्पनेचे सर्वांत अभ्यासले गेलेले रूप म्हणजे अमेरिकेतील 'ऑक्सफर्ड हाऊस' होय. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे एक संक्रमण-निवास पैशाअभावी बंद होण्याच्या बेतात होता. तेव्हा पॉल मलॉय आणि तेथील इतर रहिवाशांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. व्यवस्थापक ठेवण्यास पैसा नव्हता, म्हणून कारभार रहिवाशांकडे आला. निवासाचे तीन मूलनियम त्यातूनच स्थिर झाले. घराचा कारभार मतदानाने चालावा, खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, आणि जो पुन्हा व्यसन करील त्याने तत्काळ घर सोडावे. राहण्याच्या मुदतीस मर्यादा नसते.

या पद्धतीची कसोटी लेनर्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. इलिनॉय राज्यात उपचार पूर्ण केलेल्या १५० व्यक्तींपैकी निम्म्यांस यदृच्छ निवडीने अशा घरांत, तर उरलेल्यांस नेहमीच्या पाठपुराव्यासाठी पाठविण्यात आले. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ३१.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६४.८ टक्के व्यक्ती व्यसन करीत असल्याचे आढळले. मासिक उत्पन्नाची सरासरी अनुक्रमे ९८९ व ४४० डॉलर भरली. तुरुंगवासाचे प्रमाणही पहिल्या गटात ३ टक्के आणि दुसऱ्यात ९ टक्के होते. ही संख्या लहान आहे, आणि त्या समाजाची रचना निराळी आहे, हे मान्य करूनही फरक उपेक्षणीय नाही.

३. देशी पूर्वपीठिका

अनोळखी माणसांनी एकत्र राहून स्वतःचे नियम पाळावे, ही कल्पना मराठी समाजास परकी आहे असा समज होणे शक्य आहे. वस्तुतः मुंबईच्या इतिहासात तिचे दोन ठळक नमुने सापडतात. पहिला नमुना गोमंतकीयांच्या 'कुडां'चा. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोव्यातील ख्रिस्ती तरुणांसाठी त्या त्या गावाच्या नावाने धोबी तलाव, माझगाव या भागांत असे क्लब एकोणिसाव्या शतकापासून चालत आले. धोबी तलावच्या जेर महाल या इमारतीत आजही ते पाहावयास मिळतात. अल्प वर्गणी, ठरावीक वेळची सामुदायिक प्रार्थना, प्रत्येकाची एक पेटी, आणि वर्तनाचे नियम हे त्यांचे स्वरूप. दुसरा नमुना गिरणगावातील 'गावकीच्या खोल्यां'चा. कोकणातील वा घाटावरील एखाद्या गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावी, पाळीप्रमाणे निजावे, खानावळीत जेवावे, आणि नव्याने आलेल्या पोरास तेथेच आधार द्यावा, अशी ती रीत होती.

या दोन्ही व्यवस्थांत माणसास धरून ठेवणारी गोष्ट गावाची ओळख ही होती. बोभाटा गावी पोहोचेल हा धाक, आणि अडचणीत गावकरी पाठीशी राहतील हा भरवसा, या दोहोंनी नियम पाळले जात. व्यसनमुक्त-निवासात गावाची जागा समान अनुभव घेतो. येथेही धाक आणि भरवसा बरोबरच असतात. सोबत्याच्या सबबी शेजारी निजणाऱ्यास आधीच पाठ असतात, कारण त्याने त्या स्वतः वापरलेल्या असतात.

समान अनुभवाच्या या बळाचा उपयोग महाराष्ट्रातील संस्थांनी पूर्वीच करून घेतला आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे आरंभिलेले कृपा फाउंडेशन, आणि डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यास येरवडा येथे स्थापिलेले मुक्तांगण, या दोन्ही ठिकाणी व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनी पुढे कार्यकर्ते म्हणून जबाबदारी घेतली. मुक्तांगणात उपचाराची मुदत पस्तीस दिवसांची असते; रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट तेथे चालतो. कुटुंब हेही उपचाराचे क्षेत्र आहे ही जाणीव त्यामागे आहे. कुटुंब जवळ असेल आणि ते सावरण्याजोगे असेल, तर घरी परतणे हेच इष्ट. निवासाचा विचार उरतो तो ज्यांचे घर दूर आहे, मोडले आहे, किंवा घरातच दुसरा कोणी पिणारा आहे त्यांच्यासाठी.

४. कायद्याची चौकट

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित मनोवस्थांचा समावेश केला आहे. त्यामुळे त्या अधिनियमातील हक्क व्यसनमुक्तीच्या रुग्णासही लागू पडतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील चार कलमे विशेष महत्त्वाची आहेत. कलम १८ अन्वये संक्रमण-निवास व आधारयुक्त निवास या सेवांची तरतूद करणे शासनाचे कर्तव्य ठरते. कलम १९ असे सांगते की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणासही संस्थेत ठेवून घेता येणार नाही. कलम ९८ नुसार रुग्णास सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः रुग्ण आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्या व्यक्तींशी विचारविनिमय करून पुढील योजना आखली पाहिजे. कलम २३ ने रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. सबब केंद्राने घरमालकास परस्पर काही कळविणे उचित नाही.

निवासास नोंदणी लागते काय, हा प्रश्न काहीसा नाजूक आहे. ज्या आस्थापनेत रुग्णांस शुश्रूषा, उपचार वा पुनर्वसनासाठी ठेवले जाते, तिला अधिनियमानुसार नोंदणी आवश्यक आहे. नातेवाईक वा मित्रांसमवेत राहण्याचे कौटुंबिक घर मात्र त्यातून वगळले आहे. सहा बऱ्या झालेल्या व्यक्तींनी मिळून घर भाड्याने घेतले तर ते दुसऱ्या वर्गाच्या जवळ जाते. याउलट एखादा चालक शुल्क घेऊन, औषधे देऊन, दारास कुलूप लावून माणसे ठेवीत असेल, तर ते पहिल्या वर्गात मोडते. फलकावर 'निवास' लिहिल्याने त्याचे स्वरूप पालटत नाही. दोहोंतील सीमारेषा ओळखण्यास साधी कसोटी पुरते. रहिवाशास आपल्या इच्छेने दार उघडून बाहेर जाता येते की नाही, एवढेच पाहावे.

५. नवी मुंबईतील अडचणी

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि महानगरपालिका १९९२ पासून कार्य करू लागली. आखून वसविलेल्या या नगरात राहण्याचे तीन निराळे प्रकार शेजारी शेजारी आढळतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील सहकारी गृहनिर्माण संस्था, मूळच्या आगरी-कोळी गावांची गावठाणे, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या वस्त्या हे ते तीन प्रकार होत. गावठाणात खोली स्वस्त मिळते व चौकशी कमी होते. परंतु दाटी अधिक, आणि पूर्वीचे सोबती जवळ. गृहनिर्माण संस्थांत शांतता असते, पण असंबंधित पुरुषांनी एकत्र राहण्यास तेथे आक्षेप घेतला जातो. अविवाहितांस घर नाकारणारी समिती 'पूर्वी पिणाऱ्या' सहाजणांस आनंदाने स्वीकारील अशी अपेक्षा धरता येत नाही.

अमेरिकेतही हाच झगडा झाला. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स या नगराने एका घरात पाचांहून अधिक असंबंधित व्यक्तींस मज्जाव करणारा नियम ऑक्सफर्ड हाऊसविरुद्ध लावू पाहिला. तो नियम गृहनिवासातील भेदभावास बंदी करणाऱ्या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. भारतात खासगी भाडेव्यवहारांत व्यसनमुक्त व्यक्तीस असे स्पष्ट संरक्षण देणारा कायदा नाही. म्हणून येथे कागदपत्रांची शुद्धता हेच मुख्य संरक्षण होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. तो सर्व रहिवाशांच्या नावे करावा, आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात नियमाप्रमाणे द्यावी. लपवाछपवी करून मिळविलेले घर पहिल्या तक्रारीसरशी जाते.

अर्थव्यवहाराचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. केवळ उदाहरणादाखल असे समजावे की, घराचे भाडे ३०,००० रुपये असून रहिवासी सहा आहेत. प्रत्येकाचा वाटा ५,००० रुपये होतो. एकाने व्यसन केले व नियमाप्रमाणे तो बाहेर गेला, तर उरलेल्या पाचांवर प्रत्येकी ६,००० रुपयांचा भार येतो. नियम पाळण्याची किंमत अशा रीतीने नियम पाळणाऱ्यांनाच मोजावी लागते, आणि 'या खेपेस सोडून द्या' असे म्हणण्याचा मोह तेथेच उत्पन्न होतो. यावर उपाय एकच. आरंभापासून प्रत्येकाने दरमहा थोडी शिल्लक टाकून एका माणसाच्या दोन महिन्यांच्या वाट्याइतका राखीव निधी उभा करावा. अनामत रकमेची अडचण याहून मोठी असते. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अशा गटांना ४,००० डॉलरपर्यंत परतफेडीचे कर्ज देणारा फिरता निधी राज्यांनी स्थापावा असे ठरविले होते. पुढे ती तरतूद ऐच्छिक झाली. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रात असा निधी उभारणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

परिसराचा विचार शेवटी येतो, पण तो गौण नाही. स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेवर किती मद्यालये लागतात, हे दिवसा व रात्री असे दोनदा चालून पाहावे. खारघर दारूमुक्त असावे ही तेथील रहिवाशांची मागणी अनेक वर्षे चर्चेत आहे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे मद्यविक्री दुकान उघडण्यास त्या संस्थेची संमती आवश्यक राहील, असे मार्च २०२५ मध्ये राज्य विधानसभेत जाहीर करण्यात आले. दुकान दूर सारणारी संस्था दुकानापासून दूर राहू पाहणाऱ्या माणसासही दूर सारते, ही विसंगती अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगी आहे.

६. निवासाची पारख

क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांस रुग्णासाठी जागा शोधण्याचे काम पुष्कळदा पडते. अशा वेळी पुढील मुद्दे चालकास व रहिवाशांस स्वतंत्रपणे विचारावेत.

(१) प्रवेश स्वेच्छेने होतो काय, आणि रहिवाशास केव्हाही निघून जाता येते काय ? ओळखपत्र वा भ्रमणध्वनी काढून घेतला जात असेल तर तेथे रुग्णास ठेवू नये.

(२) घराचे नियम लेखी आहेत काय, आणि ते कोणी केले ?

(३) एखाद्याने रात्री व्यसन केल्याचे उघडकीस आले तर पुढे काय होते ? 'बाहेर काढतो' एवढे उत्तर अपुरे आहे. नशेतील माणसास रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. त्यास कोणत्या रुग्णालयात व कोणाबरोबर नेतात हे ठरलेले असले पाहिजे.

(४) डॉक्टरांनी दिलेली औषधे घेण्यास मुभा आहे काय ? ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध 'तेही व्यसनच' म्हणून बंद करावयास लावणारे घर अफूजन्य पदार्थांच्या रुग्णास सर्वथा अयोग्य होय.

(५) मारहाण, अपमान, मुंडण वा बिनपगारी राबवून घेणे यांस शिस्तीचे नाव दिले जाते काय ? अधिनियमाच्या कलम २० ने आस्थापनांत या गोष्टींपासून संरक्षण दिले आहे.

(६) पैशाचा हिशेब रहिवाशांस पाहावयास मिळतो काय, आणि रुग्ण पाठविणाऱ्यास चालक दलाली देतो काय ?

(७) कामधंदा, समूहसभा आणि पाठपुराव्याचे केंद्र येथून रोज जाण्यायेण्याच्या अंतरावर आहे काय ?

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. मुक्तांगणाने त्यांच्यासाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र उपचारविभाग चालविला आहे. उपचारानंतरच्या निवासात मात्र मुलास बरोबर ठेवता येईल काय आणि हिंसाचार करणाऱ्या पतीस पत्ता कळणार नाही याची दक्षता कोण घेईल, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. योग्य जागा तत्काळ न मिळाल्यास शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी सेवेकडून उपचार व पाठपुराव्याच्या केंद्रांची माहिती घेता येते.

वरील विवेचनावरून असे दिसेल की, व्यसनमुक्त-निवासास मोठी इमारत, पगारी सेवकवर्ग किंवा वैद्यकीय साधने लागत नाहीत. त्यास लागतो तो एक नोंदणीकृत करार, सहा माणसांनी मिळून केलेले नियम, थोडा राखीव निधी, आणि संकटकाळी दार उघडणारे एखादे रुग्णालय. हे जमविणे व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचे आणि संस्थेच्या सहज आवाक्यातले आहे. जागेचा शोध रुग्ण बाहेर पडण्याच्या दिवशी सुरू झाला तर तो हरलेलाच समजावा. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या कागदावर नाव, वय व पदार्थ यांबरोबरच तो परत कोणत्या खोलीत जाणार आणि तेथे आणखी कोण निजतो, एवढी एक ओळ लिहिली गेली, तर तुर्भ्याच्या त्या कामगारासाठी दुसरी खोली पाहण्यास निदान चार आठवडे हाती राहतील.